क्रेफिश राहू द्या, आधी व्हाळ कोणाचा ते बघा

तुम्ही लिहिलंय त्यावरून, गोव्यात फोंड्याला नवीन राहायला आलात, परदेशातले क्रेफिश (गोड्या पाण्यातले, नांग्या असलेले, मोठ्या कोळंबीसारखे प्राणी) पकडण्याचे व्हिडिओ बघितले, पहिल्या पावसात मोलेच्या बाजूला व्हाळात (ओढ्यात) उतरलात, वनरक्षकाने बादली आणि बॅटरी ठेवून घेतली, आणि परवाना कुठे मिळतो हे कोणी धड सांगत नाही. व्हिडिओ सोडले तर हे सगळं माझ्या वाट्याला येऊन गेलंय, म्हणून सविस्तर लिहितो. मी वकील नाही, डॉक्टरही नाही. पटेल तेवढं घ्या.

क्रेफिशचा विषय आधी संपवतो. भारतात मूळचे क्रेफिश नाहीतच. कुठे दिसला तर तो कोणीतरी मत्स्यालयातला कंटाळून सोडलेला. त्यातली मार्बल्ड म्हणून जी जात असते, तिची मादी नराशिवाय पिल्लं घालते, म्हणजे एक सोडली तरी व्हाळाची वाट लागली. तेव्हा विकत आणून "वाढवून बघू" वगैरे नको. तुमच्या बादलीत होती ती आपली गोड्या पाण्यातली कुर्ली, म्हणजे खेकडा, आणि चवीला ती कशालाही हार जात नाही.

आता मुद्दा. तुम्ही विचारताय, "कुर्ली पकडायला बंदी आहे का?" हा प्रश्नच चुकीच्या टोकाने सुरू होतो. म्हादई, मोलेकडचं भगवान महावीर, नेत्रावळी, खोतीगाव ही अभयारण्यं पूर्वेकडे जवळजवळ एका रांगेत आहेत. आत गेलात की वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागतो, आणि त्यातल्या प्राण्याच्या व्याख्येत अपृष्ठवंशीय, म्हणजे पाठीचा कणा नसलेलेही, येतात. कुर्ली कायद्याच्या कुठल्या अनुसूचीत (यादीत) आहे की नाही, हा वाद आत चालत नाही. आतून काहीही उचलायचं नाही, रात्री तर पाऊलही टाकायचं नाही. वनरक्षकावर राग धरू नका, त्याचं काम त्याने केलं.

राग धरायचाच तर कार्यालयांवर धरा. नाव घेत नाही, तालुक्यातल्या लोकांना कळेल. आमच्या गावाच्या टोकाला व्हाळ आहे आणि अभयारण्याची हद्द त्या व्हाळावरूनच जाते. एक काठ गावचा, दुसरा रानाचा. मी सरळ माणसासारखा आधी विचारायला गेलो. पहिल्या टेबलावर उत्तर, "पाण्यातलं आमच्याकडे नाही." दुसरीकडे, "रानातलं आमच्याकडे नाही." तिसरीकडच्या साहेबांनी कपाळाला आठ्या घालून सांगितलं की १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, ऑगस्टात या. अहो, ती बंदी समुद्रातल्या यांत्रिक बोटींची! व्हाळातल्या कुर्लीचा ट्रॉलरशी काय संबंध? आणि ऑगस्टात येऊन काय करू, कुर्ल्या बिळांतून बाहेर पडतात त्या पहिल्या पावसात.

शेवटी पहिल्याच कार्यालयातला एक कारकून चहाच्या टपरीवर म्हणाला, "व्हाळ गावचोच मरे, जा बिनधास्त." गेलो, आणि पलीकडच्या काठावर धरला गेलो. बादलीचं सोडा, स्कूटरही पूर्ण पावसाळा आवारात भिजत पडली. तिच्या इंजिनावर जो खर्च झाला त्यात गाभोळीचा इसवण (सुरमई) वर्षभर खाल्ला असता. तो कारकून? "मी असं कधी बोललोच नाही." रस्त्यावर तालांव (दंडाची पावती) फाडला तर निदान कागद हातात येतो. इथे सल्ला तोंडी आणि शिक्षा तेवढी लेखी.

म्हणून माझं मत, कोणाला कडक वाटलं तरी: कुठल्याही कार्यालयात "चालेल का" असं विचारूच नका. माहिती अधिकारातही तसं विचारून उपयोग नाही, तिथे मत मिळत नाही, फक्त नोंदी मिळतात. दहा रुपये भरून अभयारण्याच्या अधिसूचित हद्दीच्या नकाशाची प्रत मागा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्याच्याशी जमिनीचा फॉर्म १ आणि १४ (इथला सातबारा) ताडून बघा, म्हणजे जागा खाजगी, कोमुनिदादची (गावकरी संस्थेची) की सरकारी ते कळतं. उन्हाळ्यातच करा, जूनमध्ये धावपळ करून हाती काही लागत नाही.

आणि सोपा मार्ग हवा असेल तर अभयारण्यापासून लांब, ओळखीच्या माणसाच्या शेताच्या बांधावर किंवा कुळागरातल्या (पोफळीच्या बागेतल्या) पाटावर जा. मालकाला विचारा, चार कुर्ल्या त्याच्या घरी द्या. मी हल्ली एवढंच करतो. कोणी पाण्यात विष किंवा स्फोटकं टाकायला निघाला तर त्याच्याबरोबर जाऊ नका. ते १८९७ च्या मासेमारी कायद्याने गुन्हा आहे, शिवाय व्हाळ मरतो तो वेगळा.

पकडण्याचं तंत्र व्हिडिओत बघितलंच असेल. फक्त बिळात हात घालू नका, आत नाग किंवा घोणस असू शकते. दोरीला माशाचं डोकं बांधून बिळाच्या तोंडाशी धरलं तरी पुरतं. पायाला जखम असेल तर शेतातल्या पाण्यात उतरू नका. नंतर ताप आला तर डॉक्टरांना शेतात गेल्याचं सांगा, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) असू शकतो. पकडलेली कुर्ली उताणी करून बघा: पोटाखालची झडप रुंद ती मादी. झडपेखाली अंडी किंवा पिल्लं असली तर जिथून घेतली तिथेच सोडा. ही पिल्लं आईच्या पोटाखालून थेट छोट्या कुर्ल्या होऊनच बाहेर पडतात, समुद्रातल्या कुर्लीसारखी वाहत दूर जात नाहीत. एका व्हाळातल्या संपल्या की शेजारच्या व्हाळातून लगेच भरून येत नाहीत.

रांधण्यात एकच गोष्ट मी कोणाचंही ऐकून बदलत नाही: अर्धी कच्ची कुर्ली नाही. गोड्या पाण्यातल्या कुर्लीत फुप्फुसात जाणारी एक कृमी असू शकते. भारतात तिचे रुग्ण मुख्यतः मणिपूर, नागालँडकडे सापडले आहेत, आणि खोकल्यातून रक्त पडतं म्हणून क्षयाचे उपचार चालू राहतात. रंग लाल झाला म्हणजे शिजली असं नाही, आतलं मांस पांढरं आणि घट्ट व्हायला हवं. लहान कुर्ल्या कच्च्या कुटून रस गाळून सार करतात ना, तिथे जास्त जपा. रस चांगला खळखळून उकळा, आणि ज्या पाट्यावर कुटलं त्यावर लगेच चटणी वाटू नका. मेलेली कुर्ली टाकून द्या, फार लवकर खराब होते.

मोठ्यांची शाकुती करा. आधी बर्फात ठेवून गार करा, मग कवच काढून पिसासारखे कल्ले फेकून द्या, नांग्या ठेचून घ्या. भाजलेलं खोबरं, धणे, मिरी, आणि आंबटाला सोलं (कोकम). टोमॅटो घालणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त त्यांच्याकडे जेवायला जात नाही.

तुमच्या बादलीबद्दल: जप्तीचा कागद दिला होता का? दिला असेल तर त्यावर कुठली जागा लिहिली आहे ते इथे सांगा, नंबर आणि नावं झाकून. हद्द नक्की कुठे लागते ते त्यावरून बघता येईल. दिलाच नसेल तर आधी त्या कागदासाठी लेखी अर्ज करा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.