चिवड्याचा डबा आणि येळवस

ताई,

मी उदगीर भागातली, वय ३४. मे महिन्यात हैदराबादला वजनाचं ऑपरेशन केलं, स्लीव्हचं, म्हणजे पोट कापून लहान करायचं. ११२ किलो होते, आता ८३. खरं काय ते फक्त नवऱ्याला माहीत. बाकी सगळ्यांना 'पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन' असं सांगितलंय. सोयाबीनचे पैसे बारीक व्हायला घातले म्हटलं तर गाव काय म्हणेल? आमचं घर माळकरी, अंडं-मटण नाही. दवाखान्याच्या कागदावर इडली, उपमा, रसम लिहिलंय, ते रोज कोण करणार? भाकरीचे दोन-तीन घास गेले की छातीत अडकल्यासारखं होतं, मग ताट सारते. सासूबाई म्हणतात, "काय चिमणीवानी टिपायलीस माय!" पण दुपारी सगळे पडले की चिवड्याचा डबा काढते, उभ्याउभ्या, झाकण हातात धरून खाते. तो कधीच अडकत नाही. महालक्ष्म्यांना पुरणपोळी-गुळवणी खाल्लं तर घाम फुटला, धडधडायला लागलं, आडवी झाले. सासूबाईंना वाटलं दिवस गेले. तेव्हापासून महिने मोजतायत. दोन महिने झाले वजन हलेना, केस पुंजक्यानं जातायत. दवाखान्यात ऑपरेशन झालेल्यांची बैठक असते, एकदा गेले. माझ्याच आठवड्यात ऑपरेशन झालेली बाई ४० किलो उतरली होती. परत गेले नाही. आता येळवस आली, आमचा वेळ अमावास्येचा शेतातला सण. शेतात तीस माणसं, वाढणाऱ्या चार जावा. काय करू?

— अर्ध्या भाकरीची सून

अर्ध्या भाकरीच्या सूनबाई,

पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या झाकणापाशी थांबले. ते माझ्या ओळखीचं आहे. मला साखर निघाली तेव्हा पहिली दोन वर्षं मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. फडताळात, उदबत्त्यांच्या पुड्यामागे, गूळ-शेंगदाण्याची बरणी असायची. चाहूल लागली की झाकण लावायचं, पदरानं तोंड पुसायचं. चोरून खाताना चव कळत नाही आणि मोजही राहत नाही. तेव्हा तुला रागवायचा हक्क मला नाही, आणि रागवायचंही नाही.

चिवडा अडकत नाही आणि भाकरी अडकते, यातच तुझी निम्मी अडचण आहे. स्लीव्हमध्ये पोटाचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. उरते ती केळाच्या आकाराची नळी. भूक लावणारं जे रसायन शरीरात तयार होतं, त्याचा मोठा वाटा त्या काढलेल्या भागातच बनतो. म्हणून पहिले काही महिने भूक लागत नाही, पुढे थोडीफार परत येते. आता या नळीत ज्वारीची भाकरी, पनीर, उसळ असं भरीव काही गेलं की ते थांबतं, जागा धरतं, आणि 'पुरे' असा निरोप लवकर येतो. चिवडा, शेव, खारी, बिस्किटं तोंडातच विरघळतात, वरून चहाचा घोट घेतला की सरळ खाली. थांबतच नाहीत, तर पोट भरल्याचं कळणार कसं? शंभर ग्रॅम शेवेत पाचशेच्या वर कॅलरी असतात आणि त्या तुझ्या केळाएवढ्या पोटातून विनातक्रार निघून जातात. बाई गं, तुझं पोट तुला उलटा धडा शिकवतंय. जे अंगी लागायचं ते टोचतंय, जे टाळायचं ते गोड लागतंय.

भाकरी सोडायची मात्र नाही. ती खायची रीत बदलायची. आपल्याकडे ताटाशी तांब्या भरून ठेवतात ना, तो आधी उचलून ओट्यावर ठेव. जेवताना पाणी नाही आणि जेवल्यावर अर्धा तास नाही. पाणी दिवसभर घोटाघोटानं, सगळं मिळून दीड ते दोन लिटर. ताट नको, आमटीची छोटी स्टीलची वाटी घे, आणि मुलाला पहिलं जेवण भरवायला वापरलेला चमचा असेल तर तो काढ. पहिले घास घट्ट वरणाचे, मुगाचे नाहीतर पनीरचे. मग भाजी. भाकरी शेवटी, जागा राहिली तर, पापुद्र्याकडचा मऊ भाग, तोंडात पार पीठ होईपर्यंत चावून. एका जेवणाला वीस मिनिटं तरी लाव. सासूबाईंच्या भिंतीवर घड्याळ असेलच. अडकलं की थांब. 'एवढा एक घास संपवते' म्हणून गिळलेला घास उलटीतूनच बाहेर येतो. आणि उलट्या दोन दिवस थांबल्या नाहीत तर 'होईल कमी' म्हणत बसू नको, लगेच डॉक्टर गाठ. अशात बी-१ जीवनसत्त्व झपाट्यानं घटतं आणि त्याचा फटका मज्जातंतूंना बसतो.

आता प्रोटीन. दिवसाला ६० ग्रॅम तरी पोटात जायला हवं. माळकरी घरात तेवढं कसं जमवायचं, म्हणून मी कागद-पेन घेऊन बसले. पेलाभर दूध ६-७ ग्रॅम, वाटीभर दही ४-५, पन्नास ग्रॅम पनीर ९ च्या आसपास, दोन वेळचं घट्ट वरण मिळून १०, आणि सोयाबीनच्या वड्या, कोरड्या ३० ग्रॅम भिजवून केल्या तर १५. कितीही ओढून-ताणून मी ४५ च्या पुढे जाईना. म्हणजे उरलेल्यासाठी पावडर लागणारच, ती कोणती आणि किती ते आहारतज्ज्ञांना विचार. वड्यांचं मात्र हसू येतं. तुमच्याच रानातलं सोयाबीन मोंढ्यावर जातं, तेल काढून झालं की वडी होऊन किराणा दुकानात परत येतं, आणि ज्या घरानं पिकवलं त्या घरात कुणी खात नाही. इडली-रसमचा कागद बाजूला ठेव. फोन करून सांग, 'मॅडम, आमच्याकडे वरण, पिठलं, ताक, भगर असं असतं, त्यात बसवून द्या.' देतात बसवून.

एकादशीचा प्रश्न तू विचारला नाहीस, पण माळकरी घर म्हटल्यावर महिन्यात दोनदा येणारच. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, तुला तो परवडत नाही. दूध-दही उपासाला चालतं, तर तुझी एकादशी त्याच्यावर होऊ दे.

केसांचं फार मनाला लावून घेऊ नको. एवढं वजन इतक्या लवकर उतरलं की तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून केस गळतातच, आणि खाणं-गोळ्या जागेवर असतील तर बहुतेकांचे परत येतात. सातव्या महिन्यात वजन थबकणंही नवलाचं नाही, सगळं खापर चिवड्यावर फोडू नको. पण गोळ्या घेतेस का, हे पत्रात कुठेच नाही. कॅल्शियम, लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व आता जन्मभर. मांस-अंडं न खाणाऱ्याला बी-१२ आधीच कमी असतं, वर तुझं हे ऑपरेशन. लोहाची गोळी चहासोबत घ्यायची नाही, कॅल्शियमसोबतही नाही, मध्ये दोन तास जाऊ दे. आणि महालक्ष्म्यांना झालं ते दिवस जाणं नव्हतं गं. गूळ-साखर या पोटातून भसकन आतड्यात उतरली की घाम, धडधड, गळाठा असं सगळं होतं. अंगात येत नाही, बाधाही नसते. गुळवणीपासून लांब राहा. मुलाचं मात्र ऑपरेशननंतर वर्ष-दीड वर्ष थांबूनच, आणि काळजी घे, वजन उतरलं की दिवस राहणं सोपं होतं.

इथून पुढचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

तू घरात पित्ताच्या खड्यांचं सांगितलंयस. आता बघ. वजन असं भराभर उतरतं तेव्हा पित्ताशयात खरेच खडे होण्याचा धोका वाढतो. उद्या रात्री अकराला तुझ्या उजव्या बरगडीखाली कळ उठली, नवरा बाहेरगावी, तर सासूबाई गावातल्या डॉक्टरांना काय सांगतील? 'तिचं खड्यांचं ऑपरेशन झालंय की, आता कुठले खडे!' डॉक्टर पित्ताशय नाहीच असं धरून चालतील, कदाचित वेदनेच्या गोळ्या लिहून देतील, ज्यातल्या बऱ्याच या पोटाला अल्सर करतात म्हणून तू ऑपरेशनच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायच्याच नाहीत. गावात चर्चा नको म्हणून उभं केलेलं खोटं नेमकं त्या रात्री तुझ्यावर उलटेल. गावाला सांगू नको. गावाचा काय संबंध? पण त्या घरात रात्री जागं होणारं एक माणूस तरी खरं जाणणारं हवं, आणि तुझ्या पाकिटात ऑपरेशनचं नाव लिहिलेली चिठ्ठी हवी.

ते माणूस सासूबाईच असाव्यात असं मला वाटतं. पत्रात त्या तुला टोचणाऱ्या दिसतात, पण 'चिमणीवानी टिपायलीस माय' हे बोलणं मला टोमण्यापेक्षा काळजीचंच ऐकू येतं. महिने मोजणारी बाई तुझ्याकडे लक्ष ठेवून आहे, एवढं नक्की. पैशाची गोष्ट नवऱ्यानं काढावी, तू नाही. तू फक्त पोटाचं सांग. दोघी भाजी निवडत बसाल तेव्हा, डोळे मेथीवर असताना बोलणं सोपं जातं. 'आत्या, माझं पोट कापून एवढंसं केलंय, मला थोडं थोडं आणि घट्ट खावं लागतं, गोड सोसत नाही.' सासूला तू आत्या म्हणतेस की मामी, ते तुमच्या घरचं. चिडतील, चार दिवस बोलणार नाहीत. पाचव्या दिवशी वरण घट्ट येईल.

आता ती बैठक. चाळीस किलोवालीला बघून तू परत गेली नाहीस, ते मी समजू शकते. पण तिचं वजन मुळात किती होतं, ऑपरेशन स्लीव्हचं होतं की बायपासचं (वजनाचंच, पण दुसऱ्या प्रकारचं), तिच्या घरी किती माणसांचा स्वयंपाक असतो, यातलं तुला काय माहीत? कुणाचे किती उतरले हे विचारायलाच लोक जमत असतील तर मीही जाणार नाही. तुला दुसऱ्या प्रकारची सोबत हवीय. उदगीरहून हैदराबादला दर महिन्याला जाणं तसंही कुणाला झेपतंय! दवाखान्यात फोन करून विचार, लातूर, नांदेड, बिदर भागातल्या कुणी बायका आहेत का, आणि त्यांची तयारी असेल तर माझा नंबर त्यांना द्या. दोघी मिळाल्या तरी पुष्कळ. त्यातली एखादी दोन-तीन वर्षं पुढे गेलेली असावी, कारण वजन परत चढू लागतं तेव्हा काय होतं हे तिलाच ठाऊक. तुझ्याच आठवड्यातलीला ते कुठून कळणार? फोनवर किलो बोलायचे नाहीत, 'आज ताटात काय होतं' एवढंच. आणि एकमेकींना गोळ्या सुचवायच्या नाहीत, 'मी कॅल्शियम बंद केलं, काही झालं नाही' असं सांगणारी एक तरी भेटतेच.

फोनची वेळ दुपारी साडेतीनची ठेव, डबा निघतो ती. त्या वेळी ती विचारेल, 'काय करायलीस?' तेव्हा हातात झाकण असेल तर सरळ सांग, 'चिवडा खायलेय.' हे वाक्य दुसऱ्या माणसाला मोठ्यानं सांगायची सवय लागली की डबा आपोआप थोडा जड होतो, माझा अनुभव आहे. खरीच भूक असेल तर बसून दह्याची वाटी खा. उभ्यानं नाही.

आणि येळवस. तिला इतकी का घाबरलीस? तुझ्या पोटाला इतका सोयीचा सण मला दुसरा दाखव. भज्जीत, म्हणजे त्या दिवशीच्या मिसळ भाजीत, तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे कोवळे दाणे, पालेभाजी, बेसन, वरून चिंचेचा आंबटपणा, सगळं मऊ शिजलेलं. बिंदगीतली (मडक्यातली) आंबील म्हणजे ताक आणि ज्वारीचं पीठ. ती जेवताना नको, कोपीतली (शेतातल्या कडब्याच्या खोपीतली) पूजा झाली की आधी घोटभर घे आणि अर्ध्या तासानं जेवायला बस. भज्जी चार-पाच चमचे, उंड्याचा (पिठाच्या उकडलेल्या गोळ्याचा) सुपारीएवढा तुकडा, आणि गव्हाच्या खिरीला फक्त नमस्कार. पानात आधीच थोडं वाढून घेऊन बस, रिकामं पान दिसलं की वाढणाऱ्या हाताला राहवत नाही. चौथी जाऊ वाढायला आलीच तर सासूबाईंच्या शेजारी बसलेली अस. त्यांना खरं सांगितलेलं असेल तर 'राहू दे गं, तिला सोसत नाही' हे त्याच म्हणतील, आणि येळवशीच्या पंगतीत सासूच्या शब्दापुढे कुणाची पळी उचलत नाही.

सण झाला की रक्त तपासून घे. बी-१२, लोह, ड आणि कॅल्शियम. आकडे आले की मला कळव, आणि सासूबाई किती दिवस बोलल्या नाहीत तेही.

— ताई