बंधारे झाले, पाणी का टिकेना? पाणलोटाबद्दल तीन प्रश्न

शेतकरी बंधू-भगिनींनो,

मृग जवळ आला की पाण्याचे प्रश्न वाढतात. आलेल्या प्रश्नांपैकी तीन इथे घेतो. तिन्ही वेगवेगळ्या जिल्ह्यांतले आहेत, पण मुळाशी दुखणं एकच आहे: आलेलं पाणी जमिनीत न मुरता हातचं निघून जातं. पाणलोट म्हणजे ज्या भागावर पडलेलं पाणी एकाच ओढ्याला येतं तो सगळा भाग.

पहिला प्रश्न बीड जिल्ह्यातल्या पाटोदा भागातला. "सहा-सात वर्षांपूर्वी गावात पाणलोटाची कामं झाली. माथ्यावर समतल चर, म्हणजे उताराला आडवे खणलेले चर, आणि ओढ्यावर दोन सिमेंट बंधारे. सुरुवातीला विहिरींना एप्रिलपर्यंत पाणी पुरायचं, आता फेब्रुवारीतच तळ दिसतो. आणखी एक बंधारा मागावा का?"

नवा बंधारा मागण्याआधी जुन्यात उतरून बघा. आत्ता तो कोरडा असेल. पोटातला काळा गाळ वाळून त्याच्या खपल्या झालेल्या दिसतील. एक खपली उचला, खोऱ्याने हात-दोन हात उकरा. गाळ संपून मुरूम लागेल आणि तो बहुधा कोरडा ठणठणीत असेल. बंधाऱ्यात पाणी साचत होतं, पण या चिकण थरातून ते खाली उतरतच नव्हतं. ऑक्टोबरात भरलेला बंधारा बघून आपण समाधानी होतो आणि ते पाणी उन्हाने उडून जातं.

म्हणून पावसाआधी गाळ काढा. मुरूम उघडा पडला की थांबा. खालचा खडक फोडत खोल जाऊ नका, काठही कोरू नका. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी मुख्यतः वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत असतं. ओढा फार खोल केला तर शेजारच्या विहिरींचं पाणीच त्यात झिरपून वाहून जातं. काढलेला गाळ हलक्या, मुरमाड रानात पसरा. भारी काळ्या जमिनीत तो टाकू नका, निचरा बिघडतो.

हा गाळ आला कुठून, हे कळलं नाही तर तीन वर्षांनी पुन्हा हेच. तो वरून, माथ्यावरून येतो. शिवार फेरी काढा, आणि ती भर पावसात काढा, कारण पाणी कुठून पळतं ते तेव्हाच दिसतं. चर बुजले असतील, गुरांच्या पायांनी भराव ढासळला असेल, एखाद्या ठिकाणी चर फुटून घळ पडली असेल. घळीला अनघड दगडांचे छोटे बांध घाला. चरांच्या भरावावर गवताचं बी टाका. पवना, मारवेल चांगलं धरतं. बालाघाटाच्या उतारावर सीताफळाला वेगळं सांगायला नको. मात्र दोन पावसाळे तिथे गुरं-शेळ्या सोडायच्या नाहीत. हे गावाने ठरवायचं आहे, आणि ज्याच्या शेळ्या आहेत त्याला कापून नेलेलं गवत मिळेल याचीही सोय गावानेच करायची आहे. नाहीतर चराईबंदी कागदावरच राहते.

जालना जिल्ह्यातल्या कडवंचीत 1996 पासून खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मदतीने माथा ते पायथा काम झालं. आज लोक तिथली शेततळी आणि द्राक्षबागा बघायला जातात. माझं सांगणं, तिथे गेलात तर आधी बांध आणि चर बघा.

आणि एक कडू गोष्ट. तुमच्या गावात पाणी वाढल्यावर उसाचं क्षेत्र किती वाढलं? नवे बोअर किती पडले? महाराष्ट्र भूजल अधिनियम 2009 प्रमाणे शेतीसाठी 60 मीटरपेक्षा, म्हणजे साधारण 200 फुटांपेक्षा खोल विहीर किंवा बोअर घ्यायला मनाई आहे. तरी पाचशे-सहाशे फूट बोअर पाडणारी गाडी शिवारात उभी राहते. परतीचा पाऊस ओसरला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडा. पाऊस किती झाला, निवडक विहिरींत पाणी किती फुटांवर आहे, माणसांना आणि जनावरांना किती राखायचं, उरलेल्यात काय पेरायचं. ज्वारी-हरभऱ्यापुरतं पाणी असताना उन्हाळी पीक घेणारा शेतकरी शेजाऱ्याच्या प्यायच्या पाण्यात हात घालतो.

दुसरा प्रश्न पूर्णा काठच्या भारी जमिनीचा, परभणी जिल्ह्यातून. "जोराचा पाऊस झाला की सोयाबीनमध्ये पाणी थांबतं. बांध फोडला की खालचे भाऊ भांडायला येतात. आणि पंधरा दिवस उघडीप पडली की रानाला भेगा. काय करावं?"

आधी हिशेब बघा. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, तिच्यात सुमारे 5 लाख लिटर पाणी होतं. तुमच्या एक हेक्टरवर 50 मिलिमीटर पाऊस पडला तर तेही 5 लाख लिटरच होतं. म्हणजे तुम्ही बांध फोडता तेव्हा एक रेल्वे सोडता, सोबत वरची सुपीक मातीही.

उपाय पेरणीतच आहे. परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ रुंद वरंबा सरी पद्धत, म्हणजे बीबीएफ, वर्षानुवर्षं सांगत आलं आहे. वरंब्यावर सोयाबीनच्या चार ओळी, दोन्ही बाजूंना सऱ्या, आणि पेरणी उताराला आडवी. जास्तीचं पाणी सरीतून सावकाश निघतं, उघडीपीत सरीतली ओल कामी येते. यंत्र मिळालं नाही तर नेहमीसारखी पेरा, पण दर चार ओळींनंतर एक ओळ रिकामी सोडा आणि तिथे कोळप्याला दोरी गुंडाळून सरी पाडा. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय मात्र पेरू नका.

बांध फोडू नका, त्याला दगडी सांडवा, म्हणजे जास्तीचं पाणी निघायची वाट, करा. सांडवा कुठे काढायचा आणि पाणी कोणत्या नाल्याला लावायचं, हे खालच्या भावांना बांधावर बोलावून आत्ताच ठरवा. पावसात ठरवायला गेलात की भांडणच होतं.

तिसरा प्रश्न लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातल्या एका ताईंचा. "आम्हाला शेत नाही. पत्र्याचं दोन खोल्यांचं घर आहे. दारातलं सांडपाणी रस्त्यावर जातं आणि उन्हाळ्यात हंडा घेऊन हिंडावं लागतं. आम्ही काय करणार?"

ताई, पाणलोट तुमच्या पत्र्यापासूनच सुरू होतो. 300 चौरस फूट पत्र्यावर 700 मिलिमीटर पाऊस धरला, गळती-उडती सोडली, तरी सुमारे 15 हजार लिटर पाणी हाती येतं. पत्र्याच्या कडेला पन्हाळ लावा आणि पाणी टाकीत घ्या. पहिले दोन-तीन पाऊस बाहेर सोडा, पत्र्यावरची धूळ-विष्ठा धुऊन जाऊ द्या. टाकीच्या तोंडाला स्वच्छ कापड बांधा आणि हे पाणी धुण्या-भांड्याला, जनावरांना वापरा. प्यायचं असेल तर गाळून, उकळून.

सांडपाण्याला शोषखड्डा करा. चार फूट लांब, तेवढाच रुंद आणि खोल. मधे छिद्रं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगडगोटे. नांदेड जिल्ह्यात असे खड्डे गावोगाव झाले आणि डासही हटले. तुमच्याकडे काळी माती जाड असेल तर चार फुटांवर पाणी मुरणार नाही. मुरूम लागेपर्यंत खोल जा. पाणी आधी छोट्या भांड्यात अडवून गाळून सोडा, नाहीतर साबणाच्या साक्याने खड्डा वर्षात तुंबतो. प्यायच्या विहिरीपासून, बोअरपासून किमान 50 फूट लांब ठेवा. संडासाचं पाणी यात कधीही सोडू नका.