पैसा कोणत्या वाटेने परत येणार?

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

सत्तांतराच्या उंबरठ्यावरील अशांत देशात व्यवसाय करताना कोणत्या जोखमीचा आधी विचार करावा, असे तू विचारले आहेस. गोळीबाराची भीती सर्वांनाच दिसते. व्यवसाय मात्र बरेचदा पैशाची वाट बंद झाल्यामुळे बुडतो. १५ ऑगस्ट २०२१ रोजी तालिबानने काबूल ताब्यात घेतल्यावर बँका बंद झाल्या. त्या पुन्हा उघडल्या, तेव्हा आठवड्याला जेमतेम २०० डॉलर किंवा २०,००० अफगाणी काढण्याची मुभा उरली आणि मध्यवर्ती बँकेची अमेरिकेतील सुमारे ७ अब्ज डॉलरची गंगाजळी गोठवली गेली. अशा वेळी माल सुखरूप आणि हिशेब चोख असूनही पुरवठादाराचे देणे पाठवता येत नाही. म्हणून त्या देशात जवळच्या देण्यांपुरतीच रक्कम ठेव, उधारी लांबू देऊ नकोस आणि पैसे पाठवण्याचा दुसरा कायदेशीर मार्ग गरज पडण्यापूर्वीच वापरून पाहा.

वशिल्यावर विसंबू नकोस. ऑक्टोबर २०२१ मध्ये सुदानचे लष्कर आणि ‘रॅपिड सपोर्ट फोर्सेस’ (आरएसएफ) हे निमलष्करी दल यांनी मिळून सत्ता हाती घेतली, आणि १५ एप्रिल २०२३ रोजी तेच दोघे राजधानी खार्तूममध्ये एकमेकांवर तुटून पडले. त्यांपैकी एकाच्या मर्जीने मिळालेल्या परवान्याची किंमत दुसऱ्याच्या नाक्यावर काय असेल, ते तूच ठरव. (मर्जीतून मिळालेली सवलत लोक कायमची मालमत्ता कशी समजतात, याचे मला नेहमीच आश्चर्य वाटते.) नियमाप्रमाणे शुल्क भरून, पावती घेऊन मिळवलेला परवाना उशिरा हाती येईल, पण नव्या अधिकाऱ्यासमोर ठेवायला निदान कागद असेल, त्याच्या प्रती देशाबाहेरही ठेव.

जागतिक बँक गटातील, १९८८ मध्ये स्थापन झालेली मिगा ही संस्था परदेशी गुंतवणूकदारांना मालमत्ता जप्ती, चलन बाहेर नेण्यावरील निर्बंध, युद्ध आणि सरकारी करारभंग यांविरुद्ध हमी देते. मात्र असे संरक्षण परिस्थिती निवळलेली असतानाच घ्यावे लागते.

सर्वांत अवघड असते ते निघणे, कारण गुंतलेला पैसा माणसाला ‘आणखी एक आठवडा पाहू’ असे म्हणायला लावतो. प्रवासी विमाने थांबली, बँकेने रक्कम काढण्यावर मर्यादा घातली, तर काम कोणी आणि कधी थांबवायचे, हे डोके शांत असताना लिहून काढ. त्यात स्थानिक कर्मचाऱ्यांचा विचार आधी कर. तुला विमान मिळेल. त्यांतील बहुतेकांना शहर सोडता येणार नाही. पहिली खूण दिसताच त्यांचे काही महिन्यांचे वेतन रोख त्यांच्या हाती द्यायचे, असे ठरव आणि तसे त्यांना आजच सांगून ठेव.

तुझा शुभचिंतक