हँडल अडकलंय, भंगारात देऊ का?

प्रश्न : माळा आवरताना आजोबांचं हाताने फिरवायचं हिशेबाचं यंत्र सापडलं. ते विमा कचेरीत होते. यंत्रावर ‘फॅसिट, मेड इन स्वीडन’ असं आहे, 0 ते 9 कळा आहेत, वर आकड्यांच्या खिडक्या. उजवीकडचं हँडल थोडं फिरतं आणि अडकतं. भंगारवाला वजनावर न्यायला तयार आहे. हे दुरुस्त होईल का? आणि झालं तरी आता उपयोग काय?
— एक वाचक, मिरज

उत्तर : भंगारवाल्याला नाही म्हणा. आणि आजपासून हँडलवर जोर लावणं बंद करा. आतला दात मोडला तर त्याचा सुटा भाग मिळणं फार अवघड.

हँडल अडकलं म्हणजे यंत्र बिघडलं असं लगेच समजू नका. कुणीतरी फेरी अर्धवट सोडलेली असते, किंवा खिडक्या शून्यावर आणायचा दांडा शेवटपर्यंत गेलेला नसतो. अशा वेळी यंत्र मुद्दामच अडून बसतं, म्हणजे चुकीचं उत्तर येत नाही. तेव्हा आधी सगळे दांडे हलक्या हाताने त्यांच्या मूळ जागी आणा. तरीही हललं नाही, तर वर्षानुवर्षं पडून आतलं ग्रीस घट्ट झालेलं असणार. खोबरेल तेल अजिबात घालू नका, ते चिकट होऊन बसतं. जुने टाइपरायटर दुरुस्त करणारा कारागीर शोधा. तो आधी जुनं ग्रीस काढेल आणि मगच शिलाई मशीनचं तेल थेंबाथेंबाने देईल.

या यंत्राचं मूळ सेंट पीटर्सबर्गला आहे. तिथे राहणाऱ्या ओडनर या स्वीडिश अभियंत्याने 1870 च्या दशकात दात आत-बाहेर होणारं चाक बसवलं. 7 आकडा लावला की चाकाचे सात दात बाहेर येतात आणि हँडलच्या एका फेरीत उत्तराची चकती सात घरं पुढे सरकते. स्वीडनमधल्या ओटविडाबेर्गच्या कंपनीने 1932 मध्ये त्याच तत्त्वाला दहा कळांची जोड दिली, तेच फॅसिट. पुढे इलेक्ट्रॉनिक कॅल्क्युलेटर आले आणि 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला ही कंपनी कोसळली.

आता उपयोगाचं. मी अशाच यंत्रावर संख्याशास्त्राची प्रात्यक्षिकं केली आणि पुढे तोच विषय शिकवला, म्हणून हे सांगायला मला मनापासून आवडेल. पुढे फेरी म्हणजे बेरीज, मागे फेरी म्हणजे वजाबाकी. 98 ने गुणायचं तर एककाला आठ आणि दशकाला नऊ अशा 17 फेऱ्या होतात. पण शतकाच्या घरात एक फेरी पुढे आणि एककाच्या घरात दोन मागे घेतल्या की काम तीन फेऱ्यांत होतं. 98 म्हणजे 100 वजा 2, हे ज्याच्या हाताला कळलं तो ते विसरत नाही.

याहून सुंदर युक्ती वर्गांच्या बेरजेची. समजा निरीक्षणं 23 आणि 17 आहेत. 1000023 लावा आणि 23 ने गुणा. खिडकीत 23000529 येतं. डावीकडे 23, उजवीकडे त्याचा वर्ग. आता उत्तराची खिडकी न पुसता, म्हणजे शून्यावर न आणता, 1000017 लावून 17 ने गुणा. खिडकीत 40000818 दिसेल. 40 ही संख्यांची बेरीज, 818 ही वर्गांची. प्रमाण विचलनासाठी (आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याच्या मापासाठी) लागणाऱ्या दोन्ही बेरजा एकाच दमात, कागदावर मधला एकही आकडा न लिहिता! मधे शून्यांची जागा पुरेशी सोडायची, एवढंच सांभाळायचं. माझ्या विद्यार्थिनींना हे पहिल्यांदा दाखवलं की खिडकीवर डोकी गोळा व्हायची. मोबाइलवर उत्तर येतं, पण 40 आणि 818 एकमेकांशेजारी वाढताना दिसत नाहीत. घरात शाळकरी मूल असेल तर त्याला हे करू द्या.

किमतीचं विचारलं नाहीत, तरी सांगते. चालू असलेल्या यंत्राला संग्राहक मिळतो, अडकलेल्याला क्वचितच. म्हणून विकायचंच असेल तरी आधी दुरुस्ती करा.

दुरुस्तीनंतर पैसे देण्याआधी कारागिरासमोर एक भागाकार करून पाहा. 355 लावून ते शक्य तितकं डावीकडे नेऊन एक फेरी पुढे घ्या, मग फेऱ्या मोजणारी खिडकी पुसा. 113 लावून ते 355 च्या बरोबर खाली आणा आणि मागे फिरवत राहा. चौथ्या फेरीला घंटा वाजेल, म्हणजे एक वजाबाकी जास्त झाली. एक फेरी पुढे घ्या, एक घर उजवीकडे सरका, पुन्हा तेच. शेवटी फेऱ्यांच्या खिडकीत 31415929 यायला हवं. पहिल्या आकड्यानंतर दशांशचिन्ह धरा. आकडे बरोबर आले पण घंटा वाजली नाही, तर तेवढं काम अजून राहिलंय असं त्याला सांगा.