लोगो, लग्नपत्रिका आणि जीएसटी

प्रश्न: जीडी आर्ट (कलेची सरकारी पदविका) झालंय, पेंटिंग विकली जात नाहीत पण लोगो, लग्नपत्रिकांची डिझाइनं करायची कामं येतात, मग स्वतःचं सुरू करू का? जीएसटी लागेल? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: करा की! नुसतं डिझाइन करून देताय आणि वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत आहे तर जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायाची सरकारी नोंदणी, ऑनलाइन फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. खरी डोकेदुखी वेगळीच, ओळखीचे लोक "जरा रंग बदल ना" म्हणत काम फिरवत बसतात, म्हणून निम्मे पैसे आधी आणि किती बदल फुकट ते व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना पण लिहूनच घ्या. आणि कोरलड्रॉची (डिझाइनच्या सॉफ्टवेअरची) ओपन फाइल, म्हणजे जिच्यात बदल करता येतात ती मूळ फाइल, पूर्ण पैसे आल्याशिवाय द्यायची नाही, मामाचा मुलगा असला तरी!