पैशाचं कलम आधी वाच

प्रिय बाय,

तुझं पत्र पोचलं. नव्या नोकरीतलं पहिलं मोठं काम तुरुंगाचं आलं, याचा मला आनंद झाला. आपल्याकडची हुशार मुलं या विषयाच्या वाटेला सहसा जात नाहीत. तुमची कंपनी एका राज्यासाठी टिपण तयार करते आहे, तुरुंग खासगी कंपनीला चालवायला द्यावा की नाही यावर. वरिष्ठांनी तुला फायद्या-तोट्यांचा तक्ता करायला सांगितलाय, आणि तू विचारतेस, बाई, सुरुवात कुठून करू?

तक्ता बाजूला ठेव. कराराचा मसुदा माग आणि त्यातलं एकच कलम आधी वाच: कंपनीला पैसे कशाचे मिळणार? इमारतीची रंगीत चित्रं, ‘आंतरराष्ट्रीय दर्जा’, सीसीटीव्ही, योगवर्ग हे सगळं नंतर. या धंद्याचा जीव त्या एका कलमात असतो.

अमेरिकेत हा धंदा आताच्या रूपात सुरू झाला १९८३ मध्ये, टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलमध्ये. कंपनीचं नाव करेक्शन्स कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका, आता ती कोअरसिव्हिक म्हणवते. पैसे मोजायची रीत साधी: दर कैद्यामागे, दर दिवसाला अमुक डॉलर. खाट भरली तर पैसे, रिकामी राहिली तर नुकसान. मग कंपन्यांनी करारात भरतीची हमी घालून घेतली. २०१३ मध्ये तिथल्या एका अभ्यासगटाने असे ६२ करार तपासले, त्यातल्या ४१ करारांत ८० ते १०० टक्के खाटा भरलेल्या राहतील अशी हमी सरकारने दिलेली होती. ॲरिझोनातल्या तीन तुरुंगांना तर शंभर टक्के. म्हणजे गुन्हे कमी झाले तरी रिकाम्या खाटेचं भाडं करदात्याने भरायचं. याच कंपनीचे भागधारकांसाठीचे वार्षिक अहवाल काढून वाच. ‘धंद्याला असलेले धोके’ या मथळ्याखाली लिहिलेलं सापडेल की शिक्षा सौम्य झाल्या, पॅरोल सुलभ झाला, काही कृत्यं गुन्ह्यांच्या यादीतून वगळली गेली, तर आमच्या व्यवसायावर परिणाम होईल. समाजासाठी जी चांगली बातमी, ती यांच्या ताळेबंदात धोका म्हणून नोंदलेली असते. यात कुणी कंपनीवर आरोप केलेला नाही, कायद्याने सांगावं लागतं म्हणून त्यांनीच सांगितलंय.

आता हे आपल्या देशात आणून बघ. माझं खरं म्हणणं इथे आहे.

आपल्या तुरुंगांत शिक्षा झालेले लोक कमी आणि कच्चे कैदी जास्त. २०२२ च्या सरकारी आकडेवारीत देशभरात ५ लाख ७३ हजारांवर बंदी होते, त्यातले सुमारे ७६ टक्के खटला संपायच्या आधीचे. जागा होती ४ लाख ३६ हजारांची. म्हणजे दर चार बंद्यांपैकी तिघांवर गुन्हा अजून शाबित झालेला नाही, आणि बरेच जण आत आहेत ते जामिनाचे पैसे नाहीत किंवा जामीनदार मिळत नाही म्हणून.

गोव्यातल्या कोलवाळच्या तुरुंगात मी कायदेविषयक मदतीसाठी जायचे तेव्हा कार्यालयात एक कारकून होते. त्यांच्या नोंदवहीत काही नावांपुढे पेन्सिलीने बारीक फुली असायची. जामीन मंजूर झालाय पण माणूस बाहेर पडलेला नाही, अशांची ती खूण. आठवडा उलटला की त्यांचा फोन यायचा, “बाई, तो भुरगो अजून हांगाच आसा.” म्हणजे तो मुलगा अजून इथेच आहे. तो मुलगा बहुधा झारखंडचा नाहीतर विजापूरकडचा, सेंट्रिंगच्या कामावर आलेला. कोर्टाने स्थानिक जामीनदार मागितलेला, आणि गोव्यात त्याला ओळखणारा एकच माणूस, तो मुकादम, त्यानेही फोन बंद ठेवलेला. मग आम्ही अट शिथिल करून घ्यायला अर्ज करायचो. त्या फोनने कारकुनाला काही मिळत नव्हतं, आणि मुलगा सुटल्याने त्याचं काही जातही नव्हतं. पगार तोच. बाय, हे ‘काही जात नव्हतं’ फार मोलाचं आहे. खासगी तुरुंगात नेमकं तेच उरत नाही.

आज कायद्याने ती पेन्सिलीची फुली अधिकाऱ्याचं कर्तव्य केली आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ काढ. पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश आणि इतरांनी निम्मा काळ आत काढला की सुटकेचा विचार व्हायला हवा. त्याला अपवाद आहेत, तेही वाच. पण कोर्टाला तसा लेखी अर्ज कुणी करायचा? तुरुंगाच्या अधीक्षकाने. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये दिलेले निर्देशही बघ: जामीन मंजूर होऊन सात दिवसांत बंदी बाहेर पडला नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं कुणी? पुन्हा अधीक्षकानेच. शिक्षा झालेल्यांचंही तसंच. चांगल्या वर्तणुकीची सूट, पॅरोलचा अहवाल, फर्लोचा, म्हणजे शिक्षेतल्या रजेचा शेरा, सगळं तुरुंगाच्या टेबलावरून सुरू होतं.

त्या टेबलामागे कंपनीचा माणूस बसव आणि कंपनीला दर कैद्यामागे दर दिवसाला पैसे दे. त्याने वाईट असायची काहीच गरज नाही. त्याने फक्त अर्ज पुढच्या आठवड्यावर ढकलायचा. वर्तणुकीच्या वहीत एक शेरा जास्त लिहायचा. मिसिसिपीतल्या कैद्यांचा अर्थशास्त्रीय अभ्यास झालाय, तो मिळवून वाच. खासगी तुरुंगात गेलेले कैदी सरकारी तुरुंगातल्या तशाच कैद्यांपेक्षा दोन-तीन महिने जास्त आत राहिले, त्यांच्या नावावर शिस्तभंगाच्या नोंदीही जास्त होत्या, आणि बाहेर पडल्यावर पुन्हा गुन्ह्याकडे वळण्यात मात्र काही फरक दिसला नाही. लुझर्न काउंटीतल्यासारखा उघड भ्रष्टाचार त्यासाठी व्हावाच लागत नाही. पेनसिल्व्हेनियातलं ते प्रकरण तुला माहीत असेल: दोन न्यायाधीशांनी खासगी बालसुधारगृहाशी संबंधित लोकांकडून २८ लाख डॉलर घेतले आणि मुलांना धडाधड आत पाठवलं. शाळेच्या उपमुख्याध्यापिकेची इंटरनेटवर चेष्टा केली म्हणून एका मुलीला तीन महिने सुनावले. एका न्यायाधीशाला २८ वर्षांची शिक्षा झाली, दुसऱ्याला साडेसतरा. ते टिपणात घाल, पण टेकू त्याच्यावर देऊ नकोस. समोरचा म्हणेल, हा अपवाद आहे. ढकललेला अर्ज मात्र अपवाद नसतो. तो रोजचा कारभार असतो, आणि त्यासाठी कुणावर खटलाही होत नाही.

तुझे वरिष्ठ म्हणतील, मग पैसे देण्याची रीत बदलू, चांगल्या कामगिरीला बक्षीस ठेवू. हा त्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे, त्याला उडवून लावू नकोस. त्याच्यासमोर न्यूझीलंड ठेव. ऑकलंडचा माउंट ईडन तुरुंग सेर्को ही कंपनी चालवत होती. सरकारी कामगिरी-तक्त्यात त्याची श्रेणी वरची. २०१५ मध्ये आतल्या कैद्यांनीच मोबाइलवर काढलेल्या चित्रफिती बाहेर आल्या, त्यात कैद्यांच्या मारामाऱ्यांचे सामने चाललेले. सरकारला तुरुंग परत ताब्यात घ्यावा लागला. अमेरिकेतल्या आयडाहोत त्या आधीच्या करेक्शन्स कॉर्पोरेशनने कबूल केलं की २०१२ मध्ये सुमारे ४,८०० तासांची पहारेकऱ्यांची हजेरी खोटी मांडली होती. त्या पाळीला बराकीत कुणी नव्हतंच. तुरुंगात खर्चाचा मोठा भाग माणसांवर होतो, त्यामुळे नफा काढायचा तर तो त्यांच्यातूनच निघतो: कमी पहारेकरी, कमी पगार, कमी प्रशिक्षण, उशिरा येणारा डॉक्टर. आणि मोजणाऱ्याला दिसतो कागद. भिंतीआड मोजमाप करणाराच मोजला जाणारा असतो, तिथे बक्षिसाची रीत कितीही हुशारीने लिही, ती कागदावर पाळली जाते.

नाही म्हणायला अमेरिकेच्या न्यायखात्यानेही २०१६ मध्ये तुलना केली होती, आणि सुरक्षेच्या बहुतेक निकषांवर कंत्राटी तुरुंग मागे पडले. त्यावर सरकारने ते करार हळूहळू बंद करायचं ठरवलं. २०१७ मध्ये ते फिरवलं, २०२१ मध्ये पुन्हा बंदीचा आदेश, २०२५ मध्ये तोही रद्द. ट्रम्प जिंकले त्या नोव्हेंबर २०१६ च्या निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशी या कंपन्यांचे शेअर कसे उसळले ते एकदा बघून घे.

उत्तरदायित्वाबद्दल लिहिशील तेव्हा लांबच्या देशांत जाऊ नकोस, आपल्या बाजारातला सोपो, म्हणजे बसण्याच्या जागेचा कर आठव. पालिका किंवा पंचायत सोपो वसुलीचा लिलाव करते, ठेकेदार आगाऊ रक्कम भरतो आणि मग टोपली घेऊन बसलेल्या बाईकडून वसूल करतो. दर ठरलेला असतो, पावतीही छापलेली असते. पण जास्त मागितले म्हणून ती तक्रार घेऊन गेली तर काय ऐकते? ‘ते ठेकेदाराला विचार.’ बाजारात निदान ती टोपली उचलून दुसरीकडे बसू शकते. बराकीतला माणूस कुठे जाणार?

माहितीच्या अधिकारात या ठेकेदाराच्या कागदांपर्यंत पोचता येतं का, ते तू कायद्यातच बघ. २०१५ पूर्वी अग्वादच्या तुरुंगात आणि त्यानंतर कोलवाळला काय चाललंय हे विचारायला साधा अर्ज पुरायचा, कारण तुरुंग सरकारचा. खासगी कंपनीची माहिती सरकारमार्फत मागता येते, अशी तरतूद कलम २(फ) मध्ये आहे. पण कलम ८(१)(ड) मध्ये व्यापारी गोपनीयतेची पळवाटही आहे, आणि कंपनीचा वकील पहिल्या दिवशी तीच दाखवेल. पहारेकरी किती? व्यापारी गुपित. औषधांवर खर्च किती? व्यापारी गुपित.

एक सावधगिरी. सरकारी तुरुंग चांगले आहेत असं एका ओळीतही सूचित करू नकोस. ते चांगले नाहीत, आणि हे मी मुलाखतीच्या खोलीतला वास ओळखणारी बाई सांगते आहे. गर्दी आहे, मारहाण होते, डॉक्टर नाही, मोबाइल आणि अमली पदार्थ आत जातात. तसंच, अमेरिकेतली तुरुंगांची सगळी गर्दी या कंपन्यांनी केली असंही लिहू नकोस, ते खरं नाही. तिथल्या कैद्यांपैकी साधारण आठ टक्केच खासगी तुरुंगांत आहेत, गर्दी सरकारच्या कायद्यांनी केली. स्थलांतरितांना डांबून ठेवण्याची केंद्रं मात्र बहुतांश खासगी आहेत, तो भाग वेगळा मांड. खोटी किंवा फुगवलेली एक ओळ सापडली की तुझं सगळं टिपण बाजूला पडेल.

आणि बांधणं वेगळं, चालवणं वेगळं. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका खंडपीठाने सुनावणीत मोठ्या उद्योगांनी तुरुंग बांधण्याची कल्पना तोंडी बोलून दाखवली होती. भिंत ठेकेदारच बांधतो, आजही. त्याला माझी हरकत नाही. जेवणाचा आणि फोनचा ठेका मात्र नीट तपास. वॉशिंग्टनच्या मार्था राइट या आजीला तुरुंगातल्या नातवाशी बोलायला इतका खर्च यायचा की तिने २००० मध्ये दावा लावला. कॉलच्या दरांवर लगाम घालायचा कायदा तिच्या नावाने २०२३ मध्ये झाला, तोवर ती हयात नव्हती.

इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाचा नोव्हेंबर २००९ चा निकाल आठवडाभर उशाशी ठेव. बिरशेबाजवळ खासगी तुरुंग बांधून तयार होता. मुख्य न्यायाधीश दोरित बाइनिश यांच्या पीठाने तो चालवायला देणारा कायदाच रद्द केला. त्यांनी कंपनी वाईट चालवेल का, हा प्रश्न धरलाच नाही. माणसाचं स्वातंत्र्य हिरावून घेण्याचा अधिकार सरकारला समाजाने दिलेला आहे, तो नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीच्या हातात देणं म्हणजे त्या कैद्याच्या माणूसपणाचा अपमान आहे, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे कंपनीने उत्तम चालवला तरीही नाही. मला ते पटतं. लोहियांना १९४६ मध्ये अग्वादला ठेवलं तेव्हा ठेवणारं पोर्तुगीज सरकार परकं होतं, जुलमी होतं, पण कुणाशी भांडायचं हे प्रत्येकाला ठाऊक होतं. कोंडणाऱ्याचा चेहरा दिसायला हवा, हे मी वकिलीत सगळ्यात आधी शिकले.

तुझ्या टिपणात पर्याय विचारतील, तेव्हा रिकामे हात दाखवू नकोस. लिही की एक नवा खासगी तुरुंग उभारण्याच्या खर्चात किती जिल्ह्यांना पूर्णवेळ विधी साहाय्य वकील देता येतील, कलम ४७९ खाली किती अर्ज दर महिन्याला गेले याचा तक्ता तुरुंगाबाहेर लावला तर किती खाटा रिकाम्या होतील. त्या राज्याकडून गेल्या वर्षाचे आकडे मागव: जामीन मंजूर होऊनही सात दिवसांनंतर आत असलेले किती. ते देणार नाहीत म्हणाले तर त्यांचं लेखी उत्तर माग आणि तेच परिशिष्टात जोड.

नोकरीचं दडपण मला कळतं. वरिष्ठ म्हणाले की निष्कर्ष आधीच ठरलाय, तू फक्त भर घाल, तर तुझं नाव त्यावर घालू देऊ नकोस. एवढं स्पष्टपणे सांग आणि लेखी सांग. घरचे काळजी करतील, त्यांच्याशी मी बोलते.

मसुदा हाती आला की पैशाच्या कलमाची आणि करार मोडण्याच्या कलमाची पानं मला पाठव. दुसऱ्याबद्दल इथे लिहिलं नाही, ते कागद समोर असल्याशिवाय सांगता येणार नाही. शनिवारी दुपारनंतर मी म्हापशाला घरीच असते.

तुझ्या,
बाई