चौतिसाव्या वर्षी गाणं म्हणजे उशीर का?

"ताई, कॅरीन पोलवर्टने नोकरी सोडली आणि ती गाणारी झाली. मी पाच वर्षं नुसती सोडते सोडते म्हणतेय." ग्लासगोतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत पहिल्याच भेटीत ती एवढं बोलली आणि तिला रडू फुटलं. कॅरीन म्हणजे स्वतःची गाणी रचून गाणारी स्कॉटिश लोकगायिका.

ती मूळची सांगलीची, वय चौतीस. घरातल्या मारहाणीतून बाहेर पडलेल्या बायकांना आसरा मिळवून देणाऱ्या एका संस्थेत नोकरी करते. संध्याकाळी गिटार घेऊन बसते आणि स्वतः रचलेली गाणी म्हणते, काही इंग्रजी, काही मराठी. इथल्या फोक, म्हणजे लोकसंगीताच्या क्लबांमध्ये मुख्य गायकाच्या आधी हौशी मंडळींना दोन-तीन गाणी म्हणायला मिळतात, ती तिची जागा. त्याचे सहसा पैसे मिळत नाहीत. सांगलीहून आईचा फोन येतो, "हौस म्हणून कर गं, पण नोकरीला धक्का नको लावूस." (तिच्या परवानगीने लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

उशीर झाला का, नोकरीतली वर्षं फुकट गेली का, हे मला बरेच जण विचारतात. 'नाही, उशीर कसला' असं म्हणून टाकणं सोपं असतं, पण त्याने कुणाचीच रात्रीची झोप परत येत नाही. म्हणून तिला म्हटलं, "कॅरीनची गोष्ट मला सालांसकट सांग."

गोष्ट तिला पाठ होती, सालं तिने कधी लावून पाहिली नव्हती. आम्ही कागदावर मांडली. कॅरीनचा जन्म डिसेंबर १९७०चा, स्टर्लिंगशरमधल्या एका गावातला. तिने तत्त्वज्ञान शिकलं. प्राथमिक शाळेतल्या मुलांना तत्त्वज्ञान शिकवलं. मग काही वर्षं स्कॉटिश विमेन्स एडमध्ये काम केलं, म्हणजे जवळपास माझ्या या अशिलाचंच काम. मलिंकी आणि बॅटलफील्ड बँड या लोकसंगीताच्या बँडांमध्ये, चार जणांत मिसळून गायली. त्यानंतर 'फॉल्टलाइन्स' हा स्वतःचा पहिला अल्बम आला, आणि २००५च्या बीबीसी रेडिओ टूच्या फोक पुरस्कारांत तिने एकदम तीन पुरस्कार घेतले.

"तेव्हा तिचं वय किती?" मी विचारलं.

तिने बोटांवर मोजलं. "चौतीस." आणि मग बराच वेळ कागदाकडे बघत राहिली.

मी तिथे थांबले नाही, कारण या आकड्याचा दिलासा फसवा आहे. तेच वय, म्हणून तेच यश, असं काही नसतं. चांगलं गाऊनही पुरस्कार न मिळालेली किती तरी माणसं मी या शहरात ऐकली आहेत. मला तिला दाखवायची होती ती मधली वर्षं. तिच्या मनात कॅरीनने एका सकाळी राजीनामा दिला आणि दुसऱ्या दिवशी स्टेजवर गेली. कागदावर मात्र बँड होते, दुसऱ्यांची गाणी होती, नोकरी होती.

पुढच्या भेटीला तिला दोन गोष्टी आणायला सांगितल्या: गेल्या वर्षीचा गाण्याचा हिशेब आणि तिला स्वतःला आवडणारं एक गाणं. वर्षाची कमाई सहाशे चाळीस पौंड निघाली, त्यातली निम्मी पेट्रोलमध्ये गेलेली. तिचं घरभाडंच महिन्याला त्याहून जास्त आहे. हे आकडे मोठ्याने वाचताना तिचा आवाज आश्चर्य वाटावं इतका स्थिर होता. भीतीला आकडा मिळाला की ती थोडी आटोक्यात येते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

गाणं एका बाईचं होतं. ती कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांत कपडे भरून, मुलाला झोपेतच उचलून निघालेली. मी विचारलं, "हे कुठून आलं?"

"कामावरून," ती म्हणाली आणि गप्प झाली. थोड्या वेळाने हळूच म्हणाली, "म्हणजे ती वर्षं..." वाक्य तिने पुरं केलं नाही, मीही केलं नाही.

त्यानंतरच्या तीन भेटी आम्ही एका वेगळ्याच प्रश्नावर घालवल्या, आणि मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो. दुसरीचं दुःख गाण्यात घ्यायचा आपल्याला हक्क आहे का? विश्वासाने सांगितलेलं स्टेजवर न्यायचं का? तिने स्वतःच ठरवलं: एकाच बाईची हकीगत कधी घ्यायची नाही, आणि ओळख पटेल अशी एकही खूण ठेवायची नाही. काळ्या पिशव्या राहिल्या, कारण त्या जवळजवळ प्रत्येकीच्या हातात असतात.

कॅरीनचं 'विंड रेझिस्टन्स' नावाचं रंगमंचीय काम आहे, २०१६च्या एडिंबरा आंतरराष्ट्रीय महोत्सवातलं. तिच्या घराजवळच्या फाला फ्लो या दलदलीच्या माळावर शरदात उत्तरेकडून येणाऱ्या गुलाबी पायांच्या रानहंसांबद्दल, आणि बाळंतपणांबद्दलही. थव्यात हंस आळीपाळीने पुढे होतात, पुढचा वारा अंगावर घेतो, दमला की मागे सरकतो. माझी अशील म्हणाली, "ताई, सध्या नोकरीच पुढे उडू दे. पण कायमची नाही."

तिने आठवड्याला चार दिवसांची नोकरी मागून घेतली. पगार एका दिवसाने घटला, आईशी दोन आठवडे अबोला झाला, मग आईच म्हणाली, "ते पिशव्यांचं गाणं फोनवर म्हण बरं." ऐकून तिने एवढंच विचारलं, "यातलं खरं किती?"

गेल्या महिन्यात तिचा निरोप आला. आमची गुरुवारची भेट बुधवारी घेता येईल का, असं विचारत होती. गुरुवारी संध्याकाळी क्लबमध्ये अर्धा तास मिळालाय, आणि या वेळी पैसे मिळणार आहेत.